लॉन जगवायचं आहे, पण घरातलं पाणी त्यात घालवायचं नाही. काय करू?

ओट्यावरची (धुळे), १३ एप्रिल

नमस्कार मंडळी. साक्री रोडच्या बाजूला आमचं घर आहे आणि घरापुढे २० बाय ३० फुटांचं लॉन. सात वर्षांपूर्वी हे निवृत्त झाले तेव्हा नर्सरीवाल्याने काळ्या मातीवर चार-पाच बोटं लाल माती पसरली आणि गवत लावून दिलं. तो त्याला सिलेक्शन वन म्हणतो, म्हणजे हरळीचीच बारीक जात. कोपऱ्यात जुना निंब आहे. त्याच्या खालचा भाग सोडला तर दिवसभर ऊन.

लॉन कशाला हवं, ते आधीच सांगते. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना फरशीवर पाय टाकायची धास्ती वाटते. गवतावर मात्र त्या संध्याकाळी अनवाणी, काठी न घेता दहा फेऱ्या मारतात. आखाजीला (अक्षय तृतीयेला) दोन्ही लेकी येतात, निंबाला झोका बांधतो. थोरलीची मुलगी आता रांगायला लागली आहे.

आता पाण्याचं. कॉलनीच्या बोअरचं पाणी दिवसाआड सकाळी पाऊण तास येतं. गेल्या मे महिन्यात नळातून नुसती हवा यायला लागली आणि आम्ही टँकर घेतले. त्या दिवसांत एकदा मी टँकरचं पाणी पाइपने गवतावर मारत उभी होते. तेवढ्यात आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई रोजच्यासारखे दोन कॅन भरून घ्यायला आली, कारण तिच्या वस्तीत तीन दिवस पाणी नव्हतं. ती काहीच बोलली नाही. कॅन भरले, एक डोक्यावर, एक कमरेवर घेऊन गेली. मी पाइप बंद केला. त्या दिवसापासून हे माझ्या मनातून जात नाही.

रोज संध्याकाळी ४० मिनिटं पाणी देते, तरी फाटकाजवळ आणि कंपाउंडच्या भिंतीलगत गवत पिवळं पडतंय. सासूबाई ओट्यावरून बघतात आणि म्हणतात, "इतलं पानी कसाले वतस व माय?" उत्तर देता येत नाही.

घरात वापरून झालेलं पाणी बरंच निघतं. आरओचं सोडलेलं पाणी दिवसाला दोन बादल्या, वॉशिंग मशीनचं, कूलरचं, एसीचं. सध्या कुरडयांचे दिवस आहेत, तर गहू भिजवलेलं आंबट पाणीही रोज एक पातेलं. यातलं गवताला काय चालतं, काय नाही? आणि पाणी निम्मं केलं तर लॉन मरेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

---

ठिबकवाला (जळगाव)

ताई, निम्मं म्हणजे कशाच्या निम्मं? आधी मोजा. १५ लिटरची बादली पाइपखाली ठेवा आणि किती सेकंदांत भरते ते बघा. दुसरं, खुरप्याने हाताएवढा गवताचा तुकडा उपटून मुळ्या किती खोल गेल्यात ते बघा. हे दोन आकडे कळवा, मग बोलू.

---

ओट्यावरची

मोजलं. बादली ५० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला १८ लिटर, ४० मिनिटांत ७२० लिटर. हा आकडा मी वहीवर दोनदा लिहून बघितला. आम्हा पाच जणांच्या अंघोळीला, स्वयंपाकाला, भांड्यांना मिळून तेवढं लागत नाही.

मुळ्याही बघितल्या. भिंतीजवळचा तुकडा गादीच्या कापसासारखा अलगद हातात आला. पांढऱ्या मुळ्या जेमतेम दोन बोटं. त्याखाली लाल माती कोरडी, आणि तिच्याखाली काळी माती तर ढेकळासारखी टणक. भिंत आणि लॉन यांच्या मध्ये बोट जाईल अशी भेग पडली आहे. पाइप तिकडे धरला की पाणी गुडुप होतं आणि मला वाटायचं, जमीन किती तहानलेली आहे!

---

ठिबकवाला (जळगाव)

उन्हाळ्यात केळीच्या एका झाडाला दिवसाला वीसेक लिटर धरतात. तुमच्या ७२० लिटरमध्ये पस्तीस झाडं निघतात.

६०० चौरस फूट म्हणजे ५६ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर पाणी. तुम्ही रोज जवळपास १३ मिलिमीटर देताय. आपल्याकडच्या मे महिन्यातसुद्धा हरळीच्या जातीचं गवत हिरवं राहायला रोजचे साधारण ५-६ मिलिमीटर पुरतात. बाकीचं भेगेत जातं, वाऱ्यावर जातं. सगळ्या लॉनला जमिनीखालून ठिबक टाकायचं मी सुचवणार नाही. बोअरच्या जड पाण्याने ड्रिपर चोंदतात आणि एवढ्याशा जागेसाठी तो खर्च अंगावर येतो. पाइपच्या तोंडाला बंद होणारा शॉवर लावा, तेवढं बास.

---

पांझराकाठ (साक्री तालुका)

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी पाटबंधाऱ्यात नोकरी केली, पण पाण्याबद्दल जे खरं शिकलो ते वडिलांकडून. ते आमच्या बंधाऱ्यावर पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटून देणारे होते.

पांझरेवरची फड पद्धत तुम्हाला धुळ्यात राहून ऐकून माहीत असेल. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालचं सगळं भिजणारं रान म्हणजे थळ. थळाचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक. कोणत्या फडाला बारमाही पाणी, कोणाला हंगामी आणि कोणता यंदा कोरडा राहणार, हे पाणी बघून आधीच ठरे. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असायची, त्यामुळे एक फड कोरडा राहिला तरी कोणाचंच सगळं बुडत नसे. पाणी कमी आलं म्हणून चारही फडांना थोडं थोडं शिंपडावं, असं वडिलांनी कधी केलं नाही. ते म्हणायचे, जे द्यायचं ते मुळापर्यंत द्या, नाहीतर देऊच नका.

तुमच्या लॉनचे असेच फड करा. ओट्याला लागून, सासूबाई चालतात तेवढी पट्टी, निंबाच्या सावलीला धरून १५० चौरस फूट, हा बारमाही फड. तो हिरवा ठेवा. उरलेले ४५० फूट उन्हाळाभर झोपू द्या.

झोपू द्या म्हणतोय, मरू द्या नाही. हरळी शेताच्या बांधावर बघा. मे महिन्यात वाळलेल्या सुतळीसारखी दिसते, मृगाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत हिरवी होते. जमिनीखालची कांडी जिवंत असतात, त्यांना फक्त पूर्ण सुकू द्यायचं नसतं. त्यासाठी दहा दिवसांतून एकदा १२ मिलिमीटर पाणी पुरेल. तुमच्या झोपलेल्या भागाला ते ५०० लिटर होतं, म्हणजे आज तुम्ही एका संध्याकाळी जेवढं ओतता त्यापेक्षा कमी, आणि तेही दहा दिवसांना. हिरव्या पट्टीला साधारण दर तिसऱ्या दिवशी २५० लिटर.

पाणी पहाटे द्या, सूर्य वर यायच्या आत. आपल्याकडे दुपारनंतर जो पश्चिमेचा गरम वारा सुटतो तो संध्याकाळपर्यंत थांबत नाही, त्यात पाइपाचं पाणी उडून जातं. आणि एकदम देऊ नका. काळी माती कोरडी असते तेव्हा पहिलं पाणी भेगेतून पाताळात जातं, आणि जरा फुगली की वरचं पाणी आत घेत नाही. सात-आठ मिनिटं द्या, अर्धा तास थांबा, चहा घ्या, पुन्हा सात-आठ मिनिटं. दुसऱ्या वेळी माती पाणी कसं पिते ते ओट्यावर बसून बघा. दुसऱ्या दिवशी लांब पेचकस जमिनीत दाबा. वीतभर सहज गेला तर पाणी पोचलं. दोन बोटांवर अडला तर नुसतं वरून ओलं झालं. रोज वरवर पाणी मिळालं की मुळ्या खाली जायचे कष्टच घेत नाहीत, तुमच्या हातात तेच आलं.

भिंतीलगतची भेग बारीक चाळलेली माती आणि कुजलेलं शेणखत मिसळून भरून घ्या. कच्चं शेण नको, त्यात तणाचं बी येतं.

हिरव्या पट्टीला पाणी कधी द्यायचं हे गवतच सांगतं. सासूबाई चालून गेल्या की मागे वळून बघा. पाऊल उचलल्यावर गवत उभं राहिलं तर आज पाण्याची गरज नाही. पावलांचे ठसे तसेच राहिले आणि हिरव्यावर राखाडी-निळसर छटा आली, तर दुसऱ्या पहाटे द्या. तारीख बघून देऊ नका.

कापताना मशीनचं पातं वर करा. उन्हाळ्यात गवत तीन बोटं तरी उंच हवं, स्वतःच्या बुडावर त्याचीच सावली पडते. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. झोपलेल्या भागाला तर मशीन लावूच नका, त्यावर चालणंही कमी ठेवा. आणि युरिया टाकत असाल तर पावसाळ्यापर्यंत हात लावू नका. युरियाने कोवळी वाढ येते आणि कोवळ्या वाढीला तहान जास्त.

आखाजीला झोका हिरव्या पट्टीवरच पडेल असं बघा, पोरी खूश होतील.

---

भुसावळकरीण

वॉशिंग मशीनच्या पाण्याबद्दल माझं ऐका ताई, मी हे भोगलंय. दोन वर्षांपूर्वी मी मशीनचा पाइप सरळ बागेत सोडला. पहिला महिना गवत छान दिसलं. मग जमिनीवर चकचकीत पापुद्रा आला. ओली असताना पाय घसरायचा, वाळली की कुदळ लागेना, पाणी वरच साचून राहायचं. शेतकरी मामाने बघितलं आणि एका शब्दात सांगितलं, चोपण. कपड्यांच्या पावडरीत सोड्याचे क्षार असतात, त्यातला सोडियम काळ्या मातीचा कण न् कण सुटा करतो आणि मातीतली भोकं बुजतात. मग पाणी आत जात नाही, हवा जात नाही. जिप्सम टाकून, दोन पावसाळे पाणी मुरवून आता कुठे जागा भुसभुशीत होते आहे.

तेव्हा साबणाचं पहिलं पाणी संडासाला किंवा अंगण धुवायला ठेवा. शेवटचं विसळलेलं पाणी चालतं, तेही रोज एकाच जागी नको. त्याच दिवशी वापरा, रात्रभर ड्रममध्ये ठेवलं की वास सुटतो. नात रांगते तिथे तर तेही नको.

आरओचं सोडलेलं पाणी घालायला हरकत नाही, हरळी क्षार बऱ्यापैकी सोसते. पण त्यात क्षार जास्तच असतात, म्हणून साध्या पाण्यात मिसळा आणि जागा बदलत राहा. कूलरची टाकी रिकामी करताना तळाशी जे पाणी निघतं ते मात्र गवताला देऊ नका. रोज पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत उरतात. पॅडवर पांढरी खपली बसते ना, तेच त्या पाण्यातही असतं. ते पोर्च धुवायला वापरा. एसीचं पाणी सगळ्यात चांगलं, त्यात क्षार जवळपास नसतातच. कुंड्यांना ठेवा. कुरडयांचं पाणी आंबट आणि चिकट असतं, गवतावर टाकलं की मुंग्या आणि माश्या. त्यात चौपट पाणी घालून निंबाच्या किंवा लिंबाच्या आळ्यात ओता.

---

पारोळ्याचा

माफ करा, पण स्पष्ट विचारतो. आमच्या गावात एप्रिलपासून विहिरीला तळ दिसतो. आई पहाटे चारला उठून नंबर लावते. अशा ठिकाणी लॉन असावंच का? ते काढा आणि फरशी किंवा मुरूम टाका, प्रश्नच मिटला.

---

ओट्यावरची

भाऊ, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. तुमचा राग योग्य आहे. तुम्ही विचारलंत तेच मी स्वतःला वर्षभर विचारते आहे, म्हणून तर इथे आले.

सगळं काढायचं मनात होतं. पण फरशीवर सासूबाई चालत नाहीत आणि त्यांचं चालणं थांबलं की काय होतं ते ऑपरेशननंतरच्या चार महिन्यांत आम्ही पाहिलंय. उघडा मुरूम आणि फरशी उन्हात इतकी तापते की रात्री अकरापर्यंत पुढच्या खोलीत बसवत नाही. म्हणून त्यांना लागते तेवढी पट्टी ठेवणार. मात्र फाटकाजवळची आणि भिंतीलगतची दोन-दोन फूट जागा कायमची सोडली, तिथे पुन्हा गवत लावणार नाही. आणि एक ठरवलंय, टँकर मागवायची वेळ आली तर त्यातलं एक थेंबही लॉनला नाही. त्या वेळी हिरवी पट्टीसुद्धा झोपेल.

पांझराकाठ काका, तुमचं उत्तर मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई ऐकत होत्या. त्यांचं माहेर साक्रीकडचं, त्यांच्या वडिलांचीही फडात जमीन होती. मग तासभर त्याच बोलत होत्या. उद्या पहाटेपासून सुरू करते.

---

पारोळ्याचा

बरं ताई. टँकरचं ठरवलंत ते चांगलं केलंत.

---

ओट्यावरची, २७ जून

उशिरा लिहिते आहे, पाऊस पडून गवताचं काय होतंय ते बघायचं होतं.

एप्रिलच्या मध्यापासून वही ठेवली. मे महिन्यात हिरव्या पट्टीला दहा वेळा पाणी दिलं, प्रत्येक वेळी १४ मिनिटं, मध्ये अर्धा तास थांबून. झोपलेल्या भागाला महिन्यात तीन वेळा. सगळं मिळून ४,००० लिटर. आधीच्या हिशेबाने ते २२,३२० झालं असतं. यंदा बोअरला हवा आली ती मे संपताना, चारच दिवस, आणि टँकर घ्यावा लागला नाही. बोअर वाचलं ते आमच्या एकट्यामुळे असं मी म्हणत नाही. शेजारच्या दोन घरांनीही माझी वही बघून पाइप लावणं कमी केलं. भांडीवाल्या बाईला आता दोनऐवजी चार कॅन भरून देते. तिचा मुलगा सायकलवर न्यायला येतो.

सगळं सोपं गेलं असं नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात लॉन बघवत नव्हतं. चालताना गवत पायाखाली चुरचुर वाजायचं, रंग गोणपाटाचा. हे दोनदा म्हणाले, मेलं गं, पाइप लाव. मी खुरप्याने एक कांडी उकरून नखाने सोलली. आत पांढरी, ओलसर होती. ती त्यांच्या हातात दिली. मग ते बोलले नाहीत.

पावलांच्या ठशांची खूण अगदी खरी निघाली. सासूबाईंनी ते कामच स्वतःकडे घेतलं. फेऱ्या झाल्या की वाकून बघायच्या आणि मला सांगायच्या, आज नको, किंवा उद्या दे. पहिल्या आठवड्यात पेचकस तीन बोटांवर अडायचा, मे संपता संपता हिरव्या पट्टीत वीतभर जायला लागला. आखाजीला झोका तिथेच बांधला. नात त्याच पट्टीवर रांगली आणि दोन पावलं चाललीसुद्धा.

एक चूक झाली ती सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाची होऊ नये. घाईत एकदा कूलरची टाकी पट्टीच्या कडेला ओतली. तेवढ्या ताटाएवढ्या जागेवर पांढरी साय धरली आणि गवत जळलं. भुसावळच्या ताईंनी आधीच बजावलं होतं.

पहिला चांगला पाऊस १६ जूनला झाला. २४ तारखेला सकाळी ओट्यावर आले तर झोपलेल्या भागातून सुईसारखी हिरवी टोकं वर आलेली. सासूबाईंना हात धरून तिथपर्यंत नेलं. त्यांनी चप्पल काढली, पायाच्या अंगठ्याने गवत चाचपलं आणि म्हणाल्या, "हाई तं मरेल व्हतं ना व?"

निंबापासून लांब, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात चार बाय चार फुटांचा तुकडा अजून उठलेला नाही. खणून बघितलं तर तिथे लाल माती जेमतेम बोटभर आहे. काका, तिथे श्रावणापर्यंत वाट बघू की बाजूची कांडी आणून आत्ताच लावू?

---

पांझराकाठ (साक्री तालुका)

आत्ताच लावा, पाऊस आहे तोवर रुजेल. आधी बोटभर शेणखत आणि लाल माती पसरा. हिरव्या पट्टीतली नको, झोपून उठलेल्या भागातली कांडी घ्या, ती आता कणखर झाली आहेत.